कागद मागणारी आत्या

कर्जत-खालापूरच्या टापूत कागद वाचण्यात माझ्या आत्याचा हात धरील असा वकील अजून जन्माला यायचा आहे. तिच्या हाताखाली सहा वर्षं काढली आहेत, म्हणून छाती फुगवून सांगते. लग्नपत्रिकासुद्धा ती खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचते. भिसेगावातल्या शेजाऱ्यांनी बारशाची पत्रिका दिली, तर तारीख आणि वार जुळत नाहीत म्हणून तिने ती लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवली. सोबत बाळाला झबलंही पाठवलं. समोरच्या पक्षाचा चहा मात्र ती कागद हातात पडेपर्यंत घेत नाही. "चहा घेतला की माणूस 'असू दे' म्हणायला लागतो," असं तिचं म्हणणं.

हा हट्ट काय चीज आहे ते मला रसायनीजवळच्या एका कारखान्याच्या दाव्यात कळलं. सांडपाण्याने शेजारच्या गावाची विहीर नासली होती. कारखाना तडजोडीला तयार होता, पण सांडपाण्याच्या नोंदी दाखवायला नाही. आत्या खालापूरच्या कोर्टात अर्जावर अर्ज देत राहिली. दावा लावणाऱ्या अनसूयाबाई कंटाळल्या. "देतात ते घेऊन टाका ना बाई! आमी किती दिस लांबून पानी आनायचं?"

"विहिरीत काय पडलं तेच ठाऊक नसेल, तर मागायचं काय, अनसूयाबाई?" आत्या म्हणाली.

अखेर कोर्टाने हुकूम दिला, आणि कारखान्याने टेंपोभर गोणी आमच्या ओटीवर आणून टाकल्या. "घ्या ताई, सगळे कागद!" त्यांचे वकील हसत म्हणाले. म्हणजे शोधा आता गवतात सुई. आत्या पदर खोचून बसली. नऊ दिवस! इंग्रजी अहवालांत काही नव्हतं. पण कँटीनच्या याद्यांखाली गेटवरच्या वॉचमनची वही निघाली, वळणदार मराठीत लिहिलेली. दर शनिवारी सांडपाण्याचा टँकर भरून बाहेर, अर्ध्या तासात रिकामा परत. पाणी शुद्ध करण्याचं केंद्र तर दीड तासावर.

"अर्ध्या तासात हा कुठं जाऊन आला, एवढंच विचारू या," आत्या म्हणाली, आणि तिने टँकरच्या फेऱ्यांच्या चिठ्ठ्या मागणारा एकच नवा अर्ज दिला. त्याच्या सुनावणीआधीच ते वकील स्वतः बोलणी करायला आले. नवी विहीर, पंप, जुन्या जागेची सफाई, सगळं कबूल झालं. अडलं ते एका वाक्यावर: 'सांडपाणी आम्ही सोडलं.' ते लिहायला कारखाना तयार नव्हता. आत्याने वॉचमनची वही नुसती पुढे सरकवली. सह्या झाल्या.

नव्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी अनसूयाबाईंनी तांब्या भरून आत्याच्या हातात दिला. त्याच गावात माझी आजी मजुरीला जायची, तेव्हा तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतत. लहानगी आत्या शेजारी उभी असे. अनसूयाबाईंना हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. आत्याने तांब्या तोंडाला लावला आणि ती सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"ग्वाड हाय," एवढंच म्हणाली, आजीच्या बोलीत.