शिवलेल्या टाकीतलं पेट्रोल

भूत दिसलं असं कुणी सांगायला लागलं, की मी आधी विचारते – रात्री जेवणात काय होतं? लग्नाआधी नाशिकच्या शाळेत मी मुलांना विज्ञान शिकवायची, आणि जीभ तेव्हापासूनच जरा तिखट. त्यामुळे हा अनुभव इथे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय... पण आमचे हे मागच्या वर्षी गेले. आता ही गोष्ट माहीत असलेली मी एकटीच उरलेय, आणि ती एकटीने सांभाळणं मला जमत नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं, हे तिथे फोरमन होते. आम्ही जवळच्या सरावली गावात दोन खोल्यांत राहायचो. थोडं पुढे यांचे मित्र शिंदे आणि त्यांची बायको सुशीला. दोघांकडेही फटफटी! आमची फोर-स्ट्रोक, शिंदेभावजींची टू-स्ट्रोक. हा फरक लक्षात ठेवा, कारण टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, आमच्या गाडीला मात्र नुसतं पेट्रोल. सुट्टी मिळाली की दोघं सामान लादून कुठे कुठे भटकून यायचे, आणि सामान बांधण्यात शिंदेभावजींचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्या दिवशी पहाटे माहेरून, नाशिकहून, तार आली. अण्णा – म्हणजे माझे वडील – अत्यवस्थ, ताबडतोब निघा. मी भराभर सामान काढलं. खोटं कशाला बोलू, तेराव्यापर्यंत पुरतील एवढे कपडे भरले. माणूस जिवंत असताना! ट्रंक मागच्या कॅरियरवर गेली, मी मागे बसणार, मग वळकटी ठेवायची कुठे? मी ती पेट्रोलच्या टाकीवर आडवी टाकली, वरून गोणपाट ओढलं आणि पोस्टाचं पार्सल शिवतात तशी दाभणाने, सुतळीने टाकीच्या खालून फिरवून पक्की शिवून टाकली.

शिंदेभावजी तार आल्याचं कळताच गाडी काढून आले. गोणपाट बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, टाकीवर संसार मांडलाय व्हय? झाकण मोकळं पायजे. पेट्रोल काय हँडलातनं वतणार?"

"मला कुठे थांबायचंच नाहीये भावजी," मी म्हटलं.

"अगं, टाकीत आहे किती ते तरी..." हे म्हणाले. त्यांना ठाऊक होतं, पेट्रोल तळाला गेलं होतं.

"माझी टाकी कालच भरलीया," भावजी म्हणाले. "लागंल तेवढं काढून घे की."

"तुझ्या पेट्रोलात ऑइल आहे," हे म्हणाले. " आणि सुशीलावहिनींचे दिवस भरलेत, तुलाच लागेल. आम्ही पालघरला भरतो."

पालघरला पंप आला. पण झाकण उघडायचं म्हणजे सगळी शिवण उसवायची, पुन्हा शिवायची. मीच मागून ओरडले, "मनोरला भरू हो, हायवेवर! आता थांबू नका." मनोरच्या अलीकडे गाडी रिझर्व्हला लागली. आणि मनोरच्या पंपावरचा माणूस आम्हाला बघून लांबूनच हात हलवायला लागला.

"पेट्रोल नाय हाय. टँकर आलाच नाय, तं आमी तरी कुठून देनार?"

"पुढे कुठे मिळेल?"

"जव्हारला बगा. तिथं पन मिलंल का नाय, काय सांगू."

हे माझ्याकडे बघत राहिले. परत फिरलो असतो तर शहाणपणाचं झालं असतं. मी म्हटलं, "चला. जिथे बंद पडेल तिथून मी चालत जाईन."

विक्रमगडच्या रस्त्याला लागलो आणि मी डोळे मिटले. मी देवाधर्माची नाही. तरी त्या दिवशी मनात म्हटलं – कुणाचंही चालेल, पण पेट्रोल दे. मला अण्णांपाशी पोचव. अगदी हेच शब्द. 'कुणाचंही' हा शब्द मी वापरला नसता तर... असो.

गाडी बंद पडली नाही. जव्हारलाही पेट्रोल नव्हतं. मोखाड्याचे चढ आले, प्रत्येक चढाला वाटायचं आता आचके देणार, पण ती आपली एका लयीत चढत राहिली. फक्त मागे निळसर धूर सुटायला लागला होता. मी काही विचारायला गेले, तर हे म्हणाले, "बोलू नकोस." त्यांचा आवाज घाबरलेला होता. त्र्यंबक मागे पडलं, आणि दुपारी आम्ही नाशिकला दारात उभे होतो.

अण्णांना शुद्ध होती. त्यांनी मला ओळखलं, "आलीस?" म्हणाले, माझा हात धरला. संध्याकाळपर्यंत तो सोडला नाही. मग गेले.

दुसऱ्या दिवशी यांनी अंगणात गाडीची शिवण उसवायला घेतली. मी शेजारी होते. सुतळीचा एकही टाका सैल नव्हता, शेवटची गाठसुद्धा माझीच, मी मारते तशी दुहेरी. झाकण उघडलं, तर आत पेट्रोल चांगलं अर्ध्यापर्यंत! यांनी बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला, आणि तिथेच खाली बसले.

"यात ऑइल आहे," ते म्हणाले.

तेरावं उरकून आम्ही सरावलीला परतलो. सुशीला भिंतीकडे तोंड करून पडली होती. आम्ही निघालो त्याच सकाळी तिला कळा सुरू झाल्या. भावजींनी तिला पालघरला न्यायला गाडी काढली, किक मारून मारून थकले, आणि झाकण उघडलं तर टाकी कोरडी ठणठणीत. तासाभरापूर्वी आमच्याकडे येऊन गेलेली गाडी! साइटवरचा ट्रक मिळेपर्यंत फार उशीर झाला. मुलगी झाली होती. रडलीच नाही.

"चोरलं कुणीतरी," भावजी म्हणाले.

दांडी गावची कोळीण जनाबाई तेव्हा मासळीची पाटी घेऊन तिथेच आलेली. कळा आल्या त्या दिवशीही ती सुशीलाजवळ दारातच बसून होती. ती चिडून म्हणाली, "कोन चोरल? मी हितंच बसलेली ना! गाडीला कोनी हात नाय लावला. खाली जमिनीवर थेंब पन नाय पडला."

यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. आमच्या टाकीचं आम्ही त्यांना सांगितलं नाही. घरी आल्यावरसुद्धा त्यावर बोललो नाही. त्या महिन्यात यांनी फटफटी विकली, एवढंच.

मी मास्तरीण आहे, मी सगळे हिशेब करून पाहिलेत. रिझर्व्हमध्ये जास्त शिल्लक असेल, उतारावर कमी जळलं असेल... मानते. पण मग ऑइल? आणि टाके? याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा, मी खरंच वाट बघेन.

सुशीलाला पुढे मूल झालं नाही. आता ती पुण्याला असते, आमचं फोनवर बोलणं होतं. अण्णांच्या श्राद्धाला न चुकता तिचा फोन येतो, आणि दरवर्षी ती तेच म्हणते, "ताई, तुमची शेवटची भेट झाली, हे फार बरं झालं बघा." मी "हो गं" म्हणते. तिला सांगावं असं फोन हातात घेताना दर वेळी वाटतं. पण सांगितलं की ती विचारणार, ते पेट्रोल परत देता आलं असतं तर दिलं असतंत का? आणि अण्णांचा तो हात सोडून मी उठले असते, असं मला तिला खोटं सांगता येणार नाही.