गिरणी बंद, कारण गाणं

सुमन गेल्याचं मला कुणी सांगायच्या आधी माझ्या स्वयंपाकघरानं सांगितलं. तिची पिठाची गिरणी आमच्या घराच्या अगदी मागे. सकाळी माझा चहा होईतो ती सुरू व्हायची आणि मांडणीवरची भांडी बारीक थरथरायला लागायची. इतक्या वर्षांत मला तो आवाज म्हणून जाणवणंच बंद झालं होतं. त्या सकाळी भांडी गप्प होती. लाइट गेली असेल म्हणून मी निवांत चहा पीत बसले आणि मग लक्षात आलं, डोक्यावर पंखा तर फिरतोय... तेवढ्यात मागच्या दारात तिचा मुलगा नितीन येऊन उभा राहिला. "काकी, आई उठलीच नाय," एवढंच म्हणाला आणि तिथेच पायरीवर बसला. आजारपण नाही, दवाखाना नाही. आदल्या संध्याकाळी तिनं खळ्यावरचं भात झाकून घेतलं होतं, सुनेशी डाळीत मीठ जास्त झाल्यावरून वाद घातला होता, आणि झोपली होती.

याला आता काही आठवडे झाले. तिच्या तेराव्याला किन्हवलीतली आणि आसपासच्या पाड्यांवरची इतकी माणसं आली की अंगणात बसायला जागा उरली नाही. नवल म्हणजे, येणारी प्रत्येक बाई डोळे पुसत यायची आणि थोड्या वेळानं सुमनचा काहीतरी किस्सा सांगून सगळ्यांना हसवायची. तेव्हा मीही रडगाणं लिहिणार नाही. तिला ते आवडलंही नसतं.

मी मूळची कल्याणची. शाळेत नोकरी लागली म्हणून किन्हवलीला आले, आणि पहिल्याच रविवारी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेले. आत पदर कमरेला खोचलेली एक बाई उभी होती. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळ्यांवर पीठ. मागच्या फळीवर एक टेपरेकॉर्डर होता, पीठ आत जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. पिशवीतून कॅसेट फिरताना दिसत होती, पण गिरणीच्या घरघरीत त्याचा एक शब्द ऐकू येत नव्हता. मी ओरडून विचारलं, "या आवाजात तुम्हाला ऐकू तरी काय येतं?"

"ऐकू नाय येत," तीही ओरडून म्हणाली, "पण लागलेलं हाय हे माहीत असतं ना."

मग दळण संपलं, पट्टा थांबला आणि त्या एकदम पसरलेल्या शांततेत जो आवाज आला, तो ऐकून मी डबा धरून तशीच उभी राहिले. कॉलेजात असताना ज्या गायिकेच्या भावगीतांसाठी मी रेडिओला कान लावून बसायचे, तीच ही. सुमन तिचं नाव कधी घ्यायची नाही, 'आपली बाई' म्हणायची. मीही इथे तेच म्हणते. त्या दिवसापासून मी सुमनची 'मास्तरीण' झाले आणि माझं दळण कायम आधी लागायला लागलं. त्यावरून इतर बायकांनी तक्रार केली की ती सांगायची, "मास्तरणीला शाळेत जायचंय." रविवारीसुद्धा.

आमचं एकाच गोष्टीवरून पटायचं नाही. आपल्या बाईंचं एक गाणं आहे, माहेरी आलेल्या मुलीचं. ती उंबऱ्यात पाऊल टाकते आणि तिचं पैंजण वाजतं, अशा अर्थाचं त्यात काहीसं आहे. सुमननं ते गाणं सगळं गिरणी चालू असताना पाठ केलेलं. त्यामुळे ती 'पैंजण'च्या जागी 'पैरण' म्हणायची. मी किती वेळा तिला म्हटलं, "अगं, पैरण कशी वाजेल?"

"नवी असंल. नव्या कापडाचा आवाज होतो."

"आणि माहेरी आलेली मुलगी पैरण कशाला घालेल?"

"भावाची असंल गो. तुला सगळंच उलगडून पायजे."

पुढची कितीतरी वर्षं त्या उंबऱ्यात पैरणच वाजत राहिली.

कानांचं दुखणं तिला हळूहळू लागलं. आधी हाक मारली की ती दुसरीकडेच बघायची. मग फोनवर "मोठ्यांदा बोल" सुरू झालं. शेवटी नितीन तिला शहापूरला डॉक्टरांकडे घेऊन गेला. गिरणीच्या आवाजानं कान गेले आहेत, जे राहिलंय तेही फार टिकणार नाही, असं त्यांनी सांगितलं. कानात घालायचं मशीन मिळालं. ते तिला मुळीच आवडलं नाही. त्यात पीठ जायचं, आणि नाही गेलं तर शिट्टी वाजायची. पण ऐकू न येण्याचा उपयोगही ती पुरेपूर करून घ्यायची. नको असलेलं काही बोललं गेलं की मशीन काढून पदराला पुसत बसायची.

करोनाच्या अगोदरची दिवाळी जवळ आली होती. शाळेत एका सहकाऱ्याकडून कळलं की मुरबाडला एका पतपेढीच्या वर्धापनदिनाला आपल्या बाईंचा कार्यक्रम आहे, शाळेच्या पटांगणावर, दुपारी. मी घरी न जाता थेट गिरणीत गेले. सुमननं ऐकून घेतलं, मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "जाऊ या. कान हाय तवर एकदा समोर बसून ऐकू दे. मग काय, डोक्यात हायेच."

अडचण होती ती दिवसाची. दिवाळीच्या तोंडावर चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ, गिरणीपुढे डब्यांची रांग. तिचा नवरा दामूभाऊ अतिशय अबोल माणूस. तो एकट्यानं सगळं ओढेल असं मला वाटलं होतं, पण तो म्हणाला, "ती नाय तर मी पण नाय. लोकं मला हिशोब विचारतात." झालं. दामूभाऊनं एवढी वर्षं कधी अर्धा दिवसही बंद न ठेवलेली गिरणी बंद केली आणि दारावर खडूनं स्वतः लिहिलं: 'दुपारनंतर गिरणी बंद. कारण गाणं.' लोक वाचून हसत होते. एका म्हातारीनं विचारलं, गाणं कुणाचं? दामूभाऊ म्हणाला, "आमच्या हिच्या बाईचं." त्या दिवसापुरता तो फार बोलला म्हणायचा.

आम्ही एसटीनं गेलो. सुमननं नितीनच्या लग्नातली साडी नेसली होती, केस धुतले होते आणि तरी कानाच्या मागे पीठ राहिलंच होतं. ते मी रुमालानं पुसलं. मैदानात पोचलो तेव्हा मागच्या खुर्च्या भरत होत्या आणि पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखून मोकळ्या होत्या. सुमन सरळ जाऊन पहिल्या रांगेत बसली. एक बिल्ला लावलेले कार्यकर्ते आले, "ताई, ह्या राखीव आहेत." सुमननं त्यांच्याकडे बघून गोड हसून मान डोलावली. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा मान डोलावली आणि त्यांना "बसा ना" म्हणाली. ते माझ्याकडे वळले. मी शेजारचा मंडप न्याहाळत होते. शेवटी त्यांनीच नाद सोडला.

आपल्या बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, फिकट रंगाची साडी, पुढ्यात पेटी. पेटी त्या स्वतःच वाजवायच्या. पहिल्या गाण्याला त्यांनी सूर धरला आणि माझ्या अंगावर काटा आला. आवाज थकला होता, वरच्या जागा त्या आता टाळत होत्या, पण होता तोच. मी आनंदानं सुमनकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. लाउडस्पीकरच्या त्या मोठ्या आवाजात तिच्या कानातलं मशीन नुसतं किंचाळत होतं. तिनं ते काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं आणि पर्समध्ये टाकून दिलं.

"काय गो झालं?" मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं.

"तोंड हलतंय नुसतं," ती म्हणाली.

मला काय करावं सुचेना. एवढ्या हौसेनं आलो आणि... दोन गाणी अशीच गेली. तिसरं सुरू झालं तशी सुमन उठली. मला वाटलं, निघाली घरी. पण ती स्टेजच्या कडेला, माणसाएवढे स्पीकर रचून ठेवले होते तिथे गेली आणि त्यातल्या एकावर तळहात टेकून उभी राहिली. मग दुसरा हात. मग गाल. मघाचे कार्यकर्ते धावत आले, मागून मीही. लोकांत कुजबुज सुरू झाली. मी त्यांना समजावते आहे, ते मला समजावताहेत, आणि सुमन डोळे मिटून स्पीकरला गाल लावून उभी.

गाणं संपलं आणि आपल्या बाईंनी माइकवरूनच विचारलं, "त्या ताई तिथे का उभ्या आहेत?"

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. वर्गात मी रोज बोलते, पण अशा गर्दीपुढे कधी बोलले नव्हते. कसंबसं म्हटलं, "त्यांना ऐकू येत नाही. तुमचं गाणं त्या हातानं ऐकताहेत."

बाईंनी पेटीवरचे हात काढले. मग तबलजींना म्हणाल्या, "जरा सरका," आणि सुमनला हातानं वर बोलावलं. सुमननं डोळे उघडले होते. बोलावणं तिला बरोबर कळलं. दोघांनी हात देऊन तिला वर चढवलं. ती पेटीशेजारी मांडी घालून बसली, बाईंकडे नीट निरखून पाहिलं आणि, माइक शेजारीच आहे हे ध्यानात न येऊन, गिरणीतल्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमी किती बारीक झाल्यात. जेवता ना नीट?"

अख्खं मैदान हसलं. आपल्या बाई सर्वांत जास्त हसल्या. मग त्यांनी सुमनचा हात धरून पेटीच्या लाकडावर ठेवला आणि खुणेनं विचारलं, कुठलं गाऊ? सुमननं सांगितलं. तेच, माहेरी आलेल्या मुलीचं.

ती दहा-बारा मिनिटं मी कधी विसरणार नाही. पेटीवर सुमनचा हात, नजर बाईंच्या ओठांवर. पहिलं कडवं ती गप्प होती. दुसऱ्या कडव्यात तिचा चेहरा उजळत गेला आणि तिनं नेहमीसारखा आवाज लावला, मागे गिरणी चालू असल्यासारखा, जीव खाऊन. स्वतःचा आवाज तिला ऐकू येतच नव्हता. सूर एका बाजूला, ती एका बाजूला. मी डोळे झाकून घेतले. बाईंनी मात्र आपला आवाज खाली आणला आणि माइक तिच्याकडे सरकवला. आणि मग ती जागा आली. मुलगी उंबऱ्यात आली आणि सुमननं साऱ्या मुरबाडला ऐकू जाईल अशी 'पैरण' वाजवली.

लोकांत हशा पिकला. बाईंची बोटं पेटीवर थबकली. त्यांनी सुमनकडे पाहिलं. ती आनंदात पुढे गातच होती. शेवटी ती ओळ पुन्हा घ्यायची असते. बाईंनी माइक आपल्याकडे घेतला, सुमनला ओठ दिसावेत म्हणून तोंड तिच्याकडे वळवलं, आणि एकेक अक्षर सुटं करून, आपल्या त्या सुरेल आवाजात 'पैरण'च गायल्या. टाळ्या थांबेनात. मघाचे कार्यकर्तेही टाळ्या वाजवत होते.

सूर्य मावळायच्या सुमारास आम्ही परतीसाठी सरळगावच्या जीपमध्ये बसलो. सुमन बराच वेळ बाहेरच्या कापलेल्या शेतांकडे बघत होती. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "बघितलंस ना? बाईंनी पण पैरणच म्हटलं. तू एवढी वर्षं उगाच मला खोटं पाडत होतीस."

मी म्हटलं, "चुकलं गं माझं." तिला ते ऐकू गेलं नसणार, पण तोंडावरून समजलं. फार खूश झाली. तिला खरंच तसं वाटलं, की ती माझी चेष्टा करत होती, हे मी कधी विचारलं नाही. तिच्याबाबतीत दोन्ही शक्य होतं.

त्यानंतर वर्षभरात तिचे कान पूर्ण गेले. गिरणीत उलट तिला आता बरं वाटायचं. म्हणायची, "हितं सगळेच बहिरे, मी एकटी नाय." पट्टा नीट चालतोय का, हे ती लाकडी चौकटीवर हात ठेवून ओळखायची. आणि आमच्या बोलण्यासाठी तिनंच युक्ती काढली. गिरणीच्या दाराशी डबे ठेवायची एक रुंद फळी आहे. त्यावर ती मूठभर पीठ पसरून हातानं सारखं करायची, आणि मी त्यात बोटानं लिहायचे. 'दमलीस का.' 'सून काय म्हणते.' 'भाव वाढला भाजीचा.' ती वाचायची, तोंडानं उत्तर द्यायची आणि हात फिरवून फळी पुन्हा कोरी करायची. गावातल्या सगळ्या बायका तसंच करायला लागल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या चित्रं काढायच्या. एकीनं काढलेली म्हैस सुमननं संध्याकाळपर्यंत पुसू दिली नव्हती.

तेरावं झाल्यावर गिरणी पुन्हा सुरू झाली. मला जायचं धाडस होत नव्हतं. पण घरातलं पीठ संपलं, तेव्हा परवा डबा घेऊन गेले. दामूभाऊ एकटाच होता. तोच आता सगळं बघतो. गिरणी चालू होती, बोलणं शक्य नव्हतं. मी डबा ठेवला. फळीवर पीठ पसरलेलंच होतं, हातानं सारखं केलेलं. काही विचार न करता मी बोटानं लिहिलं, 'उद्या नेते.'

लिहून झाल्यावर ध्यानात आलं. दामूभाऊचे कान तर ठणठणीत आहेत. मी गडबडीनं पुसायला हात पुढे केला, तर त्यानं मला थांबवलं. खाली वाकून सावकाश वाचलं. मग माझ्या अक्षरांच्या खाली, आपल्या जाड बोटानं, त्यानं लिहिलं, 'बरं.'