बोटीवर कोणी गुरुजी नाहीत

अगं, थांब! चहा नंतर टाक, आधी बस इथे. मला बोलू दे, नाहीतर माझं डोकं फुटेल. कालच क्रूझवरून आले. बॅग अजून उघडलेली नाही, उभी राहिले की फरशी हलतेय असं वाटतंय. आणि एका गोष्टीने माझ्या डोक्याचा नुसता भुगा केलाय.

आमच्या टूर्सच्या ऑफिसात ना, प्रत्येक ग्रुप परत आला की दोन गोष्टी येतात. उरलेला चिवडा आणि किस्से. चिवडा दुपारपर्यंत संपतो. किस्से साचतच जातात. ह्या वेळी तर मी पहिल्यांदाच क्रूझवर टूर मॅनेजर म्हणून एकटी! सिंगापूरहून बोट, मग मलेशिया-थायलंडची बेटं, परत सिंगापूर. ग्रुप सगळा आपल्या नाशिक जिल्ह्यातला. आता ऐक.

*

मुंबई एअरपोर्टची बस सुटायच्या आधीच दीक्षित काकांनी मला बसच्या मागे नेलं. हे पंचवटीतले गुरुजी. घरी पहाटेपासून फोन, दारात यात्रेकरू.

"पूर्वा, एक काम कर. बोटीवर मी गुरुजी नाही."

"मग कोण?"

"बँकेतला माणूस. रिटायर्ड."

मागून काकू आल्या. "तुला कारण सांगते. केरळला गेलो, तर ह्यांनी हाऊसबोटीत सगळ्या ग्रुपच्या पत्रिका पाहिल्या. मी एकटी नारळाची झाडं बघत बसले. सिमल्याला गेलो, तर हॉटेलात सत्यनारायण! बर्फ मी खिडकीतून पाहिला. ह्या वेळी ह्यांच्या तोंडून एक मंत्र जरी ऐकला ना, तर येईल त्या बेटावर उतरेन आणि तिथेच राहीन."

काका म्हणाले, "ती राहील गं. खरंच राहील."

मी वचन दिलं. काकांनी खिशातून फुलाफुलांची हॅट काढली आणि शेंडी आत खोचली.

*

झालं! बँकवाले म्हटल्यावर पहिल्याच ब्रेकफास्टला सगळे त्यांच्याभोवती.

सगळ्यात पुढे सायखेड्याचे तात्या. द्राक्षबागायतदार, मोठा आवाज, मोठं मन. "साहेब, माझी एक एफडी हाय. मोडू का ठेवू?"

काकांनी डोसा चावत चावत खूप विचार केला. त्यांना एफडीतलं ओ की ठो कळत नाही!

शेवटी म्हणाले, "मोडा. पण मंगळवारी नको."

तात्या खूश! मला म्हणाले, "लय अनुभवी माणूस हाय. आमचा मॅनेजर वारबिर काय सांगत नाय."

*

दुसरा किस्सा तात्यांच्या टॉवेलचा. केबिन साफ करणारे लोक रोज टॉवेलची घडी घालून प्राणी करून ठेवतात ना? कधी माकड, कधी हंस. तात्यांच्या बेडवर पहिल्याच दिवशी हत्ती!

तात्यांच्या मिसेसनी त्याला सरळ हळदीकुंकू लावलं. वर बुफेतलं ऑर्किडचं फूल. झाला गणपती!

दोन-तीन दिवसांनी तात्या पूलपाशी माझ्यावर ओरडले, "मॅडम, आमच्या रूममध्ये टॉवेल नाय! मी रोज शर्टानं अंग पुसतोय!"

मिसेस म्हणाल्या, "देव हाय तो. उलगडायचा कसा?"

सगळा ग्रुप चर्चेला बसला. कोणी म्हणे समुद्रात सोडा, कोणी म्हणे नाशिकला न्या. मी म्हटलं, अहो, टॉवेल बोटीचा आहे, फाइन बसेल! आणि शेजारच्या आरामखुर्चीतून, डोळे मिटलेले, आवाज आला,

"अक्षता वाहा, जरा उत्तरेला सरकवा, आणि घ्या टॉवेल."

सगळ्या माना एकदम तिकडे! दीक्षित काका! काकू पटकन म्हणाल्या, "ह्यांच्या बँकेत गणपती बसायचा ना!"

*

मग आली संकष्टी. ग्रुपमधल्या निम्म्या बायकांचा उपवास. चंद्रोदय किती वाजता? एकीने घरून भिंतीवरचं कॅलेंडरच गुंडाळी करून आणलेलं. त्यात गावागावांचे टाइम.

आमच्या सुनंदा मावशी म्हणाल्या, "ह्यात मनमाड नाहीये, समुद्र कुठून असणार!" ह्या मावशी मनमाडच्या, रेल्वेतून रिटायर, एकट्याच आलेल्या. बोटीला सारखं गाडी म्हणायच्या आणि बेट आलं की विचारायच्या, "इथे हॉल्ट किती?"

वर आकाशात गच्च ढग. खाली बुफे बंद व्हायची वेळ. मी धावत रिसेप्शनवर. तिथली पोरगी गोड हसली, आजच्या प्रोग्रॅमचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "सॉरी मॅडम, मून आजच्या प्रोग्रॅममध्ये नाहीये."

दीक्षित काका लांबून माझ्याकडे बघत होते. त्यांना उत्तर माहीत होतं, ओठांपर्यंत आलेलं दिसत होतं! पण काकूंनी त्यांच्या तोंडात अननसाची फोड कोंबली.

*

आणि ती स्पीडबोट! बेटावर जाताना वाऱ्याने काकांची हॅट उडाली. शेंडी मोकळी, झेंड्यासारखी फडफडतेय! काकूंनी क्षणात आपली पर्स त्यांच्या डोक्यावर उपडी दाबली. लिपस्टिक, गोळ्या, चष्मा, सगळं काकांच्या मांडीत.

"ऊन लागतंय त्यांना!" काकू ओरडल्या.

तात्या मला हळूच म्हणाले, "साहेबांवर लय प्रेम हाय बाईंचं."

पण खरं सांगू? त्या दिवशी बेटावर मी दोघांना पाण्यात पाहिलं. गुडघाभर हिरवंगार पाणी, काकू हसतायत, काका नारळपाणी पितायत, कोणी काही विचारायला येत नाहीये. मला वाटलं, बस, एवढं निभावून न्यायचं.

*

आता हे ऐक. ह्याच्यासाठीच तुला बसवलंय.

परतीचा दिवस. दिवसभर नुसता समुद्र, बेट नाही, काही नाही. डेकवर म्युझिक, लोक रांगेत नाचतायत. दुपारी सुनंदा मावशींना मनमाडहून व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला. भाच्याचा.

मावशींचे थोरले भाऊ गेले. अण्णा. आईवडील लवकर गेले तेव्हा ह्याच अण्णांनी मावशींना वाढवलेलं. नाशिकला आमच्या बसपर्यंत सोडायलाही तेच आले होते, मीच त्यांना चिवड्याचं पाकीट दिलं होतं गं.

भाचा म्हणाला, "आत्या, आम्ही थांबू शकत नाही."

मावशी रडल्या नाहीत. उठायच्या, रेलिंगपर्यंत जायच्या, परत बसायच्या. "पूर्वा, मला काहीतरी करू दे गं. गाडी असती तर उतरले असते मी! नुसती बसू कशी?"

सगळे जमले. तात्या म्हणाले, "ताई, आधी आंघोळ करा." एक जण म्हणाली, खाऊ नका काही. एकाने गूगल काढलं, तर नेट गेलं. मावशी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतायत. पाणीसुद्धा घेईनात.

आणि दीक्षित काका आइस्क्रीमच्या मशीनपाशी उभे. हातातला कोन वितळून मनगटावर ओघळतोय. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू समुद्राकडे बघत होत्या.

माझा पाय एका जागी ठरेना. सांगू? नको सांगू? वचन दिलंय. पण ही बाई!

काका आले. मावशींच्या शेजारी खुर्ची ओढली. म्हणाले, "मला ह्यातलं काही कळत नाही हो. अण्णा कसे होते ते सांगा."

मावशी सांगत गेल्या. अण्णा वेणी घालायचे, वेडीवाकडी. रिझल्ट आला की पेढे, नापास झालं तरी पेढे. काका नुसते ऐकत होते. संध्याकाळकडे मावशींनी दहीभात खाल्ला. मी सुटले!

तेवढ्यात काकांनी मला लिफ्टपाशी गाठलं. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात टिश्यूची पुडी.

"हे काय?"

"तीळ. बुफेतल्या बनवरचे खरवडले. काळे हवेत खरं तर, पण इथे कुठले! हे बघ, मागच्या डेकवर कोणी नसतं. मी एकटा जातो, चार ओंजळी पाणी सोडतो. सूर्य बुडायच्या आत. तू फक्त भावाचं नाव आणि गोत्र विचारून ये. त्यांना कळू देऊ नकोस कशाला ते. उद्या सगळा ग्रुप माझ्याभोवती बसेल. आणि काकूला तर अजिबात नको."

"पण काका, गोत्र मी कशी विचारू?"

"कशीही विचार! पळ!"

मी पळाले. मावशी तिथेच बसलेल्या. मी घाम पुसत, हसत, अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मावशी, अण्णांचं पूर्ण नाव काय हो? आणि... तुमच्या माहेरचं गोत्र?"

मावशींनी मान वर केली. आयुष्यभर रेल्वेत लोकांचे चेहरे वाचलेली बाई ती!

"गोत्र?" त्या म्हणाल्या. "इथे? कोण विचारतंय गं?"

आणि माझ्या पाठीमागे कपबशीचा आवाज. वळून बघते तर दीक्षित काकू, मावशींसाठी चहा घेऊन. त्यांनी कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या,

"हो ना पूर्वा. कोण विचारतंय?"

काचेच्या दाराच्या पलीकडे काका. हॅट काढलेली, हातात बाटली, शेंडी वाऱ्यावर. आणि सूर्य बोटभर उरलेला.

आता सांग. खरं खरं सांग. तू काय सांगितलं असतंस?