पद्माक्कांची जीप आणि स्पितीची वाट

पद्मावती अक्कांची जीप पहिल्या तपासणीत नापास झाली, तेव्हा मी तिथेच उभी होते.

बेंगळुरूबाहेर, होसकोटेच्या पुढे एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. हिमालयातल्या स्पितीच्या सफरीआधी मकरंद सगळ्या गाड्या तिथे बोलावतो. मकरंद मूळचा पुण्याचा, राहतो सर्जापूर रोडला. आठवडाभर सॉफ्टवेअर आणि सुट्टी मिळाली की डोंगर. सफरीचा प्रमुख तोच. खाणीच्या तळापासून वर येणारा एक चढ आहे, सगळी सुटी खडी, आणि मध्ये एक दगडाची उंच पायरी. चढ चढली ती गाडी येणार, नाही चढली ती येणार नाही. यात तो कुणाचं काही ऐकत नाही.

बाकीच्या गाड्या नव्या, उंच, काळ्या काचांच्या. अक्कांची जीप लष्करातून निवृत्त झालेली, हिरवा रंग जागोजागी खरवडलेला. अक्काही निवृत्तच. साठी ओलांडलेली, अंगात सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी जीप शांतपणे चढाला घातली. अर्ध्यावर, त्या पायरीपाशी, मागची चाकं जागच्या जागी फिरून खडी उडवायला लागली. पुढची दोन्ही चाकं मात्र हललीसुद्धा नाहीत. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग ब्रेक धरून धरून जीप हळूहळू खाली आणली.

मकरंद खिडकीपाशी गेला. "काकू, पुढच्या चाकांना जोर जातच नाहीये. अशी गाडी घेऊन मी तुम्हाला वर नेणार नाही. माझ्या गाडीत मागची सीट रिकामी आहे, तुम्ही बसून या ना."

"बसून मी एकदा जाऊन आलेली आहे रे," अक्का म्हणाल्या. "आता बसून यायची नाही. परत कधी बघशील?"

"महिनाअखेरीला सगळे पुन्हा इथे येतोय. तेव्हा चढली तर चला."

"सरी," म्हणाल्या आणि जीपमधून उतरून त्यांनी पुढच्या चाकाला हात लावून पाहिला.

माझी स्वतःची गाडी नव्हती. मी नागपूरची आसावरी, नोकरीसाठी बेंगळुरूला आलेली, आणि मला कुणाच्या तरी गाडीत जागा हवी होती. चांगल्या गाड्यांत अजून जागा होत्या. तरी का कोण जाणे, मी अक्कांकडे गेले आणि तुमच्याबरोबर येऊ का म्हणून विचारलं.

"माझी गाडी नापास झाली, बघितलीस ना?"

"बघितलं."

"मग शनिवारी बा घरी. जुने कपडे घालून ये."

अक्कांचं घर के. आर. पुरमला. त्यांचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्यांपासून आहे, की मूळ गाव कुठलं हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल पडलं की कन्नड, म्हणून अक्कांच्या बोलण्यात मध्येच 'सरी' म्हणजे बरं आणि 'बा' म्हणजे ये असं येतं. अक्का टेलिफोन बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होत्या. दुसऱ्यांनी जोडलेलं यंत्र उघडायचं, कुठे चुकलंय ते शोधायचं आणि परत पाठवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांचे यजमान नरसिंहराव बँकेतून निवृत्त झालेले. स्वभाव मऊ. गाडीने दोन वळणं घेतली की त्यांना मळमळायला लागतं, म्हणून स्पितीचं नाव काढलं तरी ते खिडकी उघडायचे.

स्पितीचं हे वेड कुठून आलं ते अक्कांनी मला जीपखाली पडल्या पडल्या सांगितलं. खूप वर्षांपूर्वी दोघं यात्रा कंपनीच्या बसने मनालीला गेले होते. बस रोहतांगच्या खिंडीपर्यंत गेली आणि थांबली. लोक बर्फात फोटो काढत होते. अक्कांना मात्र खिंडीच्या पलीकडे उतरणारा एक कच्चा रस्ता दिसला. त्यावरून एक जीप धूळ उडवत चालली होती. तो रस्ता कुठे जातो म्हणून त्यांनी बसवाल्याला विचारलं. स्पितीला, म्हणाला, पण तिकडे बस जात नाही.

"सगळी बस भरून परत निघेपर्यंत मी त्या जीपकडंच बघत होती," अक्का म्हणाल्या. "आत कोण असेल करून."

त्या शनिवारी आम्ही पुढच्या चाकांपासून सुरुवात केली. या जुन्या जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एक गोल चकती असते. ती हाताने फिरवली की चाक आतल्या दांड्याला जोडलं जातं, आणि मगच पुढच्या चाकांना जोर मिळतो. अक्कांनी जॅक लावून उजवं चाक उचललं, चकती फिरवली आणि मला चाक हाताने फिरवायला सांगितलं. चाकाबरोबर आतला दांडाही फिरला. मग डावं चाक उचललं. मी चाक फिरवलं, दांडा जागेवरच.

"हे बघ, कुठं आहे ते," त्या खालून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, उलट समाधान होतं. चूक सापडली की माणूस खूश होतो हे मी त्यांच्याकडेच पाहिलं. चकती बाहेरून बरोबर फिरत होती, आतले दाते मात्र पार झिजून गेले होते. एक चाक सुटलं की सगळा जोर तिकडून वाया जातो, म्हणून उजवं चाकही खाणीत गप्प बसलं होतं.

होसकोटेला नागराजचं गॅरेज आहे. पन्नाशीचा माणूस, जुन्या जीप सोडून दुसऱ्या गाडीला सहसा हात लावत नाही. त्याने एका मोडीत निघालेल्या जीपचा भाग काढून बसवला. अक्का दर शनिवारी तिथे जाऊन बसायच्या, आणि बसायच्या म्हणजे काय, पाना हातात घेऊनच. रेडिएटरचे रबरी पाइप दाबून बघितले. एक चिरलेला निघाला. पेट्रोलची नळी बदलली. बॅटरी हलणार नाही अशी आवळली. जादा चाकातली हवा बघितली, तर ते चाक कधीचं बसलेलं. मला चाक बदलायला शिकवलं. पहिल्यांदा नट सुटेना म्हणून मी पान्यावर उभी राहिले, आणि सुटल्यावर त्याच्यासकट खाली आले. नागराज हसू दाबत चहा सांगायला गेला.

शेवटी त्याने जीप धुऊन दिली. "आयतु अक्का," म्हणाला, झालं काम. आरामात जा.

अक्कांचं मात्र मन भरेना. दुसऱ्या दिवशी मी घरी गेले तर जीप गल्लीत उभी आणि त्या ओट्यावर बसून तिच्याकडे पाहत होत्या.

"सगळं तपासलं ते रिकाम्या गाडीवर," म्हणाल्या. "जाताना रिकामी कुठं जाते? पेट्रोलचे कॅन, पाणी, तंबू, दोन जादा चाकं, तू, मी. एवढं वजन टाकून बघायला पायजे."

"पण सामान तर अजून आणलेलंच नाही," मी म्हटलं.

अक्का उठल्या आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली. बघता बघता गल्लीतली माणसं जमली. समोरचे इस्त्रीवाले आले, वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी आल्या, कोपऱ्यावरचा फुलवाला टोपली ठेवून आला. सगळ्यांना मागच्या बाजूला दाटीवाटीने बसवलं. तरी अक्कांचा अंदाज म्हणत होता, अजून एक माणूस हवा. त्यांनी दाराकडे पाहिलं. नरसिंहराव दारात उभे होते.

"मी ओझं म्हणून बसायचं?" ते म्हणाले.

"स्वल्प वेळ."

"गाडी हलणार नाही ना?"

"हलणार नाही."

ते आत गेले, एक लिंबू घेऊन आले आणि नाकाशी धरून डोळे मिटून मागच्या कडेला बसले. फुलवाल्याने त्यांना सांभाळून धरलं. अक्का चटई टाकून जीपखाली सरकल्या आणि काही वेळाने त्यांनी मला हाक मारली.

मागच्या ब्रेकची रबरी नळी जीपखालून जाते. रिकाम्या गाडीत त्या नळीच्या आणि सायलेन्सरच्या पाइपच्या मध्ये माझी दोन बोटं सहज गेली होती. आता गाडी तोलून धरणारे स्प्रिंगचे पाटे वजनाने बसले होते, नळी वाकून खाली आली होती आणि थेट पाइपला टेकली होती. पाइप तापला असता तर नळी जळायला वेळ लागला नसता. आणि ब्रेक गेले असते ते कुठे, तर घाटाच्या उतारावर.

अक्कांनी नळी पुन्हा एकदा बोटाने चाचपली. हात पुसत बाहेर आल्या आणि जीपमधल्या माणसांकडे बघून म्हणाल्या, "उतरा सगळे. लई उपकार झाले."

नरसिंहरावांनी एक डोळा उघडला. "सापडलं काही?"

"सापडलं."

"मग मी बसलो ते कामाला आलं," ते म्हणाले आणि उतरले. त्या दिवशी शेजाऱ्यांना कॉफी त्यांनीच करून दिली. कप देताना प्रत्येकाला नळीची गोष्ट सांगत होते, जणू जीपखाली तेच गेले होते.

नागराजने नळी बाजूला घेऊन पट्टीने आवळली आणि पाट्यांत एक जास्तीचा पाटा घातला. स्वतःच जीपच्या मागे लटकून, उड्या मारून पाहिलं. "हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं," तो म्हणाला. अक्का म्हणाल्या, "दोघांच्या पण आलं नव्हतं. आता आलं, झालं."

महिनाअखेरीला खाणीत आम्ही पूर्ण सामान भरूनच गेलो. मकरंदने जीपभोवती चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं, पाटे पाहिले आणि बाजूला झाला. अक्कांनी उतरून दोन्ही चकत्या फिरवल्या, खालचा गिअर टाकला आणि चढाला लागल्या. मी बाजूला दांडी धरून बसले होते. पायरी आली. जीपने नाक वर केलं, मला फक्त आकाश दिसायला लागलं, आणि मग पुढची चाकं दगडाला भिडून वर ओढत असल्याचं मला बसल्या जागी कळलं. खडी उडालीच नाही. एका लयीत, बैलाने खांदा द्यावा तशी जीप वर गेली. वर उभे असलेले सगळे टाळ्या वाजवत होते.

मकरंद धावतच आला. "अक्का, ताफ्यात चौथी गाडी तुमची," म्हणाला.

निघताना नरसिंहरावांनी जीपला कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि जीप त्यांवरून पुढे गेली तरी बराच वेळ गल्लीच्या तोंडाशी उभे होते. नागपूरला आम्ही माझ्या घरी मुक्काम केला. रोज संध्याकाळी गाडी थांबली की अक्का आधी चाकांचे नट आवळून बघायच्या, मग चहा. मनाली आली, रोहतांग आलं. ज्या जागी त्यांची बस थांबली होती तिथे आम्ही थांबलोच नाही. अक्कांनी गिअर बदलला आणि त्या कच्च्या रस्त्याला लागल्या. मी हळूच बघितलं. त्यांचे डोळे भरले होते, पण हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

खरी कसोटी पुढे होती. दुपारी बर्फ वितळायला लागलं की त्या रस्त्यावर आडवे येणारे नाले फुगतात. अशाच एका नाल्यात केळी-टोमॅटो भरलेला टेम्पो अडकला होता. त्याचं पुढचं चाक दोन धोंड्यांमध्ये रुतलं होतं, पाणी चढत होतं, आणि मागे आमच्यासकट गाड्यांची रांग लागली होती. टेम्पोला ओढायचं तर कुणीतरी पलीकडे जायला हवं होतं. बाजूला जागा होती ती चिंचोळी. मकरंदने आपली गाडी पुढे घेऊन पाहिली, पण ती रुंद, मावेना.

"जीप मावेल," अक्का म्हणाल्या.

"मावेल," मकरंद म्हणाला, "पण तळ कसा आहे ते माहीत नाही."

अक्कांनी बूट काढले नाहीत, तशाच पाण्यात उतरल्या. पाणी गुडघ्याला लागत होतं आणि बर्फासारखं गार. काठी टेकत, पायाने दगड चाचपत त्या पलीकडे गेल्या आणि परत आल्या. ओठ निळे पडले होते. "डाव्या अंगानं दगड पक्के आहेत," म्हणाल्या. मग दोन्ही चकत्या फिरवल्या आणि जीपमध्ये बसल्या. मी बसणार तेवढ्यात म्हणाल्या, "तू पलीकडं थांबून मला चाक कुठं टाकायचं ते दाखव."

मी मकरंदचा हात धरून कशीबशी पलीकडे पोचले. जीप पाण्यात उतरली. टेम्पो आणि धोंडे यांच्या मधून, दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटं जागा ठेवून, ती माझ्या हाताकडे बघत बघत आली. एकदा मागचं चाक घसरलं, पण पुढच्या चाकांनी तिला धरून ठेवलं. ती वर आली, पाणी निथळत.

मकरंदने दोर बांधला. मागून वीसएक माणसं टेम्पोला खांदा देऊन उभी राहिली. अक्कांनी क्लच सोडला. दोर ताठ झाला, जीप थरथरली आणि तिच्या चारही चाकांनी एकदमच जमीन धरली. विरळ हवेत इंजिन धापा टाकत होतं. टेम्पो आधी डुलला, मग धोंड्यांतून सुटून गचकन पुढे आला, आणि दोन्ही काठांवर शिट्ट्या सुरू झाल्या. टेम्पोवाला पहाडी माणूस, तो अक्कांचे पाय धरायला वाकला. त्यांनी त्याला उठवलं तेव्हा त्याने केळ्यांचा अख्खा घड जीपमध्ये टाकला.

"अक्का," मकरंद म्हणाला, "आता पुढे तुम्हीच रहा. आम्ही तुमच्या मागे येतो."

म्हणून जिच्या पलीकडे स्पिती सुरू होते त्या कुंझुमच्या खिंडीत सगळ्यांत आधी पोचली ती आमची जीप. खिंडीत देवीचं लहानसं देऊळ आहे. त्याभोवती रंगीत पताका फडफडत असतात आणि जाणारी प्रत्येक गाडी तिथे एक प्रदक्षिणा घालते. अक्कांनी जीप वळवली. वारा इतका होता की दारं खडखडत होती, आणि समोर बर्फाची शिखरं अगदी जवळ. एक फेरी झाली. मी केळी सोलत होते. वाटलं, आता थांबणार. अक्का मोठ्याने हसल्या, खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि दुसऱ्या फेरीला लागल्या.