फोटोखालची मोकळी जागा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते मेथी निवडायचं. रविवारची संध्याकाळ, दारातली पायरी, मधे सूप. ती पानं खुडत होती, मीही खुडत होतो. माझ्या हातनं काड्याही भाजीत जायच्या आणि ती न बघता त्या काढून टाकायची. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. तोफांनी माझे कान अर्धे नेलेत, म्हणून मी विचारलं, "काय म्हणतीस?"

"तुमच्याशी नाय बोलत. जुळवतेय."

उखाणा जुळवत होती. लेकीची लेक शाळेत जायला लागली होती आणि ही बाई नवऱ्याच्या नावाचा उखाणा जुळवत बसली होती. तोही हळदीकुंकवाला नाही, लष्कराच्या हापिसात घ्यायला. ते कसं झालं ते सांगतो.

मी तोफखान्यातला माणूस. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं लिहिणं-वाचणं फौजेनं शिकवलं. देवळाली कॅम्पात गन चालवायला शिकलो आणि हवालदार होऊन त्याच कॅम्पाशेजारी भगूरच्या रस्त्याला घर बांधून राहिलो. अजूनही सरावाचे गोळे सुटले की माझी भांडी वाजतात. लोकांना त्रास होतो. मला बरं वाटतं, तेवढीच घरात कुणाची तरी चाहूल.

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमची गन सीमेवर उसाच्या शेतात होती. त्या लढाईचं मी फार सांगत नाही. ज्यांनी पाहिली नाही तेच लय सांगतात. दिवसरात्र गोळा भरायचा आणि सोडायचा. नळीचा रंग तापून पापुद्र्यासारखा सुटला होता. मग एका सकाळी सगळं थांबलं आणि एक कॅप्टनसाहेब गळ्यात कॅमेरा अडकवून फिरायला लागले. जळालेला रणगाडा, झोपलेला ऊस, खड्ड्यात साचलेलं पाणी, सगळ्याचे फोटो काढले. आमच्या गनपाशीही आले. आम्ही गोळ्यांच्या रिकाम्या पेट्यांवर बसलो होतो. "इधर देखो," म्हणाले. सगळ्यांनी बघितलं. मी बघितलं नाही. किती दिवसांनी गरम चहा हातात आला होता, तो मी खाली ठेवणार नव्हतो. फोटोत माझ्या तोंडावर चहाचा मग आहे. दोन हात आणि एक कान, एवढाच मी दिसतो.

लोक म्हणतात ह्या फोटोंत लढाई दिसते. मला दिसत नाही. फोटोत आवाज नाही. जळलेल्या उसाचा वास नाही. तो इतका गोड असतो की पुढं कित्येक वर्षं मला गुऱ्हाळापाशी उभं राहवायचं नाही. आमच्यातले दोघं त्या फोटोत हसताना दिसतात. त्याच संध्याकाळी गोळे परत पडायला लागले आणि ते दोघं गेले. फोटोला ते ठाऊक नाही. तो आपला हसराच राहिला.

कॅप्टनसाहेबांनी सगळ्यांना एकेक प्रत दिली. सुट्टीवर आलो तेव्हा मी ती हिच्यापुढं टाकली. तिनं लगेच कानावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही."

"कशावरनं? तोंड कुठं दिसतंय?"

"असला कान पंचक्रोशीत दुसरा नाय. सुपासारखा."

मग एकेकाचं बोट धरून आत बोलवावं तसं तिनं विचारलं. हा कोण, कुठला, लग्न झालंय का, आई आहे का. मी एकदाच सांगितलं. तिनं ते ठेवून घेतलं. पुढं वर्षं गेली, मी पेन्शनीत आलो आणि फोटोतली तोंडं माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली. नावं आठवायची, पण कुठलं नाव कुठल्या तोंडाला ते सुटलं. ती मात्र झाडता झाडता म्हणायची, "ह्याची पोरगी आता लग्नाची झाली आसंल हो." कधी न पाहिलेल्या माणसांबद्दल! त्या दोघांबद्दलही बोलायची, ते गेलेत हे ठाऊक असून. त्या माणसांविषयी मी जगात एकाच बाईशी बोलत होतो.

मग पंच्याऐंशीच्या सुमाराला रेजिमेंटनं लढाईचे फोटो मोठे करून कॅम्पातल्या एका हॉलात लावले. आमचाही लागला, दाराएवढा. प्रत्येक फोटोखाली माणसांची नावं लिहायची असं मोठ्या साहेबांनी ठरवलं. गनवर कोण कोण होतं ते कागदात सापडतं. पण कुठलं तोंड कोणाचं हे कागद सांगत नाही. त्यात कुणी एक जण दुसऱ्याच्याच फोटोवर बोट ठेवून हा मीच म्हणून सांगून गेला होता. तेव्हा साहेबांनी नियम केला: स्वतःची ओळख स्वतः द्यायची नाही. दुसऱ्यानं द्यायची, नाव तोंडानं घेऊन.

माझ्यासाठी दुसरा आणू कुठून? दोघं तिथंच राहिले. बाकीचे मुलखा-मुलखात पांगले, पत्ता कुणाचा नाही. खरं सांगायचं तर मला ते नाव तिथं हवं होतं. गनचा मुख्य मी होतो. नातवंडांनी उद्या हॉलात जावं आणि मगाआडचा माणूस कोण हे त्यांना वाचता यावं, एवढीच हाव होती.

हॉलाचं काम बघणारे सुभेदार निफाडकडचे, आपलेच. म्हणाले, "दादा, घरचं माणूस चालेल. वहिनींना घेऊन या."

शनिवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. फोटोपुढं उभी राहिली आणि डावीकडून सुरुवात केली. बोट ठेवायची, नाव घ्यायची, गाव सांगायची. सुभेदार लिहीत होते. दोन क्लार्क काम सोडून येऊन उभे राहिले. ही माझ्याकडं बघत नव्हती. देवापुढं आरती म्हणावी तशी म्हणत चालली होती. मधला मगवाला सोडून सगळी सहा नावं झाली आणि बोट मागं फिरून मगापाशी आलं. ती थांबली.

"आणि हे, वहिनी?"

"हे... हेच की."

"नाव?"

पदर तोंडाला गेला. "तुमाला ठाव हाय की, भाऊ!"

"मला ठाऊक असून चालत नाही. तुम्ही घ्यायचं, मी लिहायचं. हुकूम आहे."

"अगं, घे की," मी म्हणालो. "सहा परक्या बाप्यांची घेतलीस."

"त्यांची घ्यायला काय जातंय? ते काय माझे नवरे हायेत?"

क्लार्क हसायला लागले. सुभेदारही हसले. म्हणाले, "मग उखाण्यात घ्या. ते तर चालतं ना? आम्हालाही कॅम्पात उखाणा ऐकायला कुठं मिळतो?"

तिनं विचार केला. म्हणाली, "चालतं. पण असाच कसा घेऊ? लढाईच्या फोटोला लढाईचा उखाणा पायजे. जुळवावा लागंल. सोमवारी येते."

सुभेदारांनी तसंच ठेवलं. फोटोखाली पट्टीवर सहा नावं लिहिली आणि मधे एक जागा मोकळी सोडली. त्यांनी तेव्हाच लिहून टाकलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. पण त्यांना उखाणा ऐकायचा होता. मलाही ऐकायचा होता. लग्नात घेतला तेव्हा वाजंत्र्यात ऐकू आला नव्हता, आणि तेव्हा तर माझे कान चांगले होते.

तर रविवारी मेथी निवडताना ती जुळवत होती. मधेच म्हणाली, "गनीची नळी तापली की कसल्या रंगाची होती हो?"

"रंग कसला, रंग सुटूनच गेला होता."

"सुटलेला नाय जुळत. लाल म्हनते." आणि मान हलवून म्हणाली, "सीमेवर उडाला धूर, तोफ झाली लाल..."

"पुढं?"

"पुढं उद्या हापिसात."

"मला सांग की. मी कुणाला सांगतोय?"

"तुमाला आधी सांगितलं तर मग तिथं मजा काय? गप निवडा. ही काडी परत टाकली बघा."

भाजी केली, भाकरी केली, जेवलो, झोपलो. सकाळी ती उठली नाही. रोज माझ्याआधी तिच्या बांगड्या वाजायच्या. तेवढं मला ऐकू यायचं. त्या दिवशी काहीच वाजलं नाही म्हणून मला जाग आली. डॉक्टर आला, म्हणाला झोपेतच हृदय थांबलं. मी म्हणालो बरं. दुसरं काय म्हणणार?

शेजारच्या बाया आल्या. शेजाऱ्यानं फोन करून पेठला लेकीकडं निरोप दिला. ती येईपर्यंत थांबायचं ठरलं. सगळ्यांना काही ना काही काम होतं, मलाच नव्हतं. मी भिंतीला टेकून थोडा वेळ बसलो. मग उठून बूट घातले.

"काका, कुठं निघालात?" शेजारणीनं विचारलं.

"कॅम्पात."

"आत्ता?"

"आज सोमवार हाय."

तिला वाटलं ह्यांचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. सोमवारी येते म्हणून शब्द दिलेला होता आणि माणसं वाट बघत असणार. येता येत नसेल तर कळवावं लागतं. चालतच गेलो.

सुभेदार मला बघून हसत उठले. "या दादा! वहिनी कुठं? या रे सगळे, उखाणा आहे." क्लार्क आले. एकानं खुर्ची पुसली तिच्यासाठी.

"ती येणार नाही," मी म्हणालो.

"का? लाजल्या?"

"गेली. पहाटे कधीतरी."

खुर्ची पुसणारा फडकं हातात धरून तसाच उभा राहिला. सुभेदारांनी टोपी काढली. मग सुभेदारांनी टेबलावरचं पेन उचललं. "मी लिहितो, दादा. साहेबांना मी सांगेन."

"नको."

"अहो, सगळ्यांना माहीत आहे तुम्हीच ते."

"ती घेणार होती. तिनं घेतलं नाही. आता कुणी लिहू नका."

"लोक विचारतील, हा कोण म्हणून."

"विचारू देत."

त्यांनी पेन ठेवलं. मला हात धरून फोटोपाशी नेलं. मी बघितलं आणि मला कुणीच ओळखू येईना. मगाआडचा तेवढा आला. मी म्हणालो, "सुभेदारसाहेब, तिनं सांगितलेली नावं वाचा. बोट ठेवून वाचा."

त्यांनी वाचली, डावीकडून, गावासकट. मला नीट ऐकू आलं नाही. मी म्हणालो, मोठ्यानं वाचा. त्यांनी परत पहिल्यापासून, परेडवर घ्यावीत तशी मोठ्यानं वाचली. मोकळ्या जागेपाशी थांबले आणि पुढं गेले.

मग मी घरी निघालो. पेठची एसटी यायची होती.