साबणानं धुतलेलं वासरू

मुलांनो, कालपासून मला एका जागी बसवत नाही. फोनवर सांगितलं तर हसाल, म्हणून लिहायला घेतलं.

आपली चांदी पहिल्यांदाच व्याली. वासरू शेणाचिखलात बरबटलेलं होतं. चांदीनं त्याला चाटायच्या आतच मी ते साबण लावून स्वच्छ धुतलं. माझी सवय तुम्हाला माहीत आहेच. तेव्हापासून ती त्याला हुंगते आणि लाथ मारते. पान्हाही सोडत नाही. जेमतेम वाटीभर चीक हातानं काढून पाजला, पण तेवढ्यावर ते किती तग धरणार?

“काकू, लेकराला पार साहेब करून टाकलंत की!” गोठा सांभाळणारी पारू म्हणाली. “आईला कळायचं कसं, हे आपलंच म्हणून?” आज सकाळी तिनं वासराच्या पाठीला मीठ चोळलं.

मी सारखी गोठ्यात जाते आणि परत येते. तुमचे चेहरे मला रोज फोनवर दिसतात, आवाज ऐकू येतात; पण तुमच्या केसांना वास कसा येतो, ते मला ठाऊक नाही. तुमचा बाबा लहान असताना त्याच्या टाळूला खोबरेलाचा आणि उन्हाचा वास यायचा. चांदीला मी कोणत्या तोंडानं बोल लावू?

सकाळी तिनं मिठासाठी म्हणून जीभ लावली. आता दुपार झाली आहे. वासरू तिच्या कासेला लागलं आहे. पाठीवरचं मीठ केव्हाच संपलं, आणि चांदी अजून चाटते आहे.