गच्चीपुरता अंधार

तर काल आपण खांबकाकांना शिडीसकट दारात उभं करून झोपायला गेलो, आणि काकू त्यांची वाट अडवून म्हणत होत्या, "अहो, एवढा एक दिवा विझवा. फक्त आजच्या दिवस."

रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करण्यात काकांची हयात गेली, म्हणून ते खांबकाका. कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, "कोपऱ्यावरचा दिवा लुकलुकतोय," की हे भरल्या ताटावरून उठलेच. घरातला बल्ब मात्र महिना-महिना गेलेला असायचा, आणि काकू खिडकीशी बसून चाचपडत सुईत दोरा ओवायच्या. शर्टांना काजं-बटणं करून द्यायचं काम त्यांचं. शाळेत असताना निबंध म्हटला की जीव टाकायच्या. लग्नानंतर लेखणी सुटली ती सुटलीच.

आणि आता वाचनालयाने स्पर्धा काढली होती, 'रात्रीच्या आकाशाचं सौंदर्य'. काकूंनी नाव देऊन टाकलं. पण बघायचं कुठून? गुडघे गच्चीपलीकडे जाऊ देईनात, आणि गच्चीच्या कठड्याला नाक लावून उभा होता नवऱ्याचाच लाडका खांब. वर पाहिलं की डोळेच दिपायचे. निबंध तर उद्या सकाळी द्यायचा!

"विझवू? अगं, लोक रस्त्यात धडपडतील."

"मग काय लिहू? दिव्याभोवती किडे फार सुरेख नाचतात?"

काकांची निवृत्ती तोंडावर आलेली, आजवर कामात एक ठपका नाही. ते मागल्या पडवीत गेले, तेलाचा रिकामा डबा कापला, पत्रा ठोकून वाकवला आणि दिवेलागणीआधी शिडीवर चढून दिव्याच्या गच्चीकडच्या अंगाला तारेने बांधला. रस्ता लख्ख, गच्ची काळीभोर!

काकू खुर्चीत बसल्या, मान वर केली. "अगंबाई," एवढंच म्हणाल्या.

शेजारी काका. त्यांना काय राहवतंय! "ती टोकाची चांदणी बघ, लुकलुकतेय. जोड सैल असणार."

"गप बसा हो! ती तशीच असते."

सकाळी निबंध वाचनालयात पोचला, आणि दुपारी काकांच्या खात्याचे साहेब दारात. शेजारचे रोज त्यांच्या लगतच्या गच्चीवर या फुकटच्या उजेडात पत्ते कुटायचे. त्यांचा डाव बुडाला, म्हणून तक्रार.

साहेबांनी पत्र्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "काका, तुम्ही? आणि तेही आता जाता जाता? दिवा झाकलात कशाला? लेखी उत्तर द्यावं लागेल. नाहीतर असं करा, वाऱ्याने कुठूनसा पत्रा येऊन अडकला म्हणा, काढून टाका, मी विसरतो."

आत काकूंची सुई थांबली. सुटकेची वाट साहेबांनीच दाखवली होती. नुसतं "हो" म्हणायचं होतं. काकांनी एकदा आत पाहिलं, शिडी भिंतीला टेकवली आणि म्हणाले,

"पत्रा मीच बांधलाय, साहेब. रस्त्यावरचा उजेड कणभर कमी झाला असेल तर आत्ता चढून काढतो. हिच्या वाटणीचा अंधार तेवढा मी हिला परत केलाय. आणि लेखी उत्तर हवंच असेल तर जरा बसा, हिचा हात आता कुठे मोकळा झालाय."